पांड्याचं टिंब

टिंब गळून पडलं आणि वाकून पाहायला कोणाला सवड झाली नाही, लाडकीला राग आला तो याचा. चूक काय, माणसाकडून होते, मशीनकडूनही होते. पण खाली पडलेली वस्तू उचलून ही कशातली म्हणून विचारायचं असतं, एवढं तिच्या दीड वर्षाच्या मुक्तालाही कळत होतं. ती अंगणातलं चिंचेचं टरफलसुद्धा उचलून आणायची आणि तळहात पुढे करून विचारायची, "आं?"

पण हे मुळापासून सांगायला हवं.

तलासरीत हायवेला लागून सुनिलशेठचं दुकान आहे. आधी तिथे कॉम्प्युटरवर चालणारी भरतकामाची मशीन होती. ब्लाउजच्या बाह्या, गणवेशावरचे बिल्ले, नवरीच्या ओढणीचे काठ असलं काम यायचं. मग शेठने लेझर कटिंगची मशीन घेतली, आणि जुनी भरतकामाची डिझाइनं या नव्या मशीनला समजतील अशा फाइलींत उतरवायचं काम लाडकीकडे आलं. शेठला वाटलं होतं, एक बटण दाबलं की झालं. त्याने दाबून पाहिलंही. मोराच्या पिसाऱ्याचा कोळसा झाला.

कारण भरतकामाच्या फाइलीत सुई कुठे कुठे टोचायची ते लिहिलेलं असतं. एका पानाचं पोट भरायला दोरा इकडून तिकडे शंभरदा जातो. लेझरला तेच दिलं तर ती शंभरदा जाळत बसते. तिला पोट नको, फक्त कड हवी. म्हणून लाडकी एकेका पानाभोवती एकच रेघ ओढत जायची आणि रेघ जिथून निघाली तिथेच आणून मिटवायची. माहेरी अंगण सारवताना कडेची ओळ अशीच फिरवून जुळवायची सवय होती, त्यामुळे हात बसायला वेळ लागला नाही.

जिवाला लागायची ती दुसरी गोष्ट. कापड सगळ्यांना पोटाशी धरतं. चांदणी कोपऱ्यात एकटी असो, पाखराचा डोळा राईएवढा असो, टाका घातला की त्याची जागा त्याची. लेझरने कापलेल्या ॲक्रिलिकच्या मागे कापड नसतं. कशाला तरी धरून असेल तो तुकडा राहतो, सुटा असेल तो मशीनच्या जाळीवर पडतो आणि भंगारात जातो. हे पहिल्यांदा समजलं त्या दिवशी लाडकीने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो भाकर मोडत म्हणाला, "मग आपल्यासारखाच की. रेघेला धरून राहा, नाय तर खाली."

मुक्ता दुकानातच असायची. पुढच्या खोलीत, मशीनच्या धुरापासून लांब, खिडकीच्या गजाला साडीची झोळी बांधलेली. झोळीची दोरी लाडकीच्या पायाच्या अंगठ्याला. हात माउसवर, पाय झोक्यावर.

"लाडकी, तुझ्या पायाला पण हजेरी लावायची का गं?" शेठ चिडवायचा.

"लावा की. तो तर सुट्टीच घेत नाय."

तर अशा या दुकानात एक दिवस लाडकीच्याच हातचं भरतकाम येऊन पडलं.

तिचं माहेर कैनाडला. पाड्यातली पोरं कोणाच्या ना कोणाच्या पडवीत बसून बालवाडी शिकायची. लाडकीच्या बापाने, पांड्याने, घराशेजारचा जमिनीचा तुकडा दिला आणि म्हणाला, बांधा इथे. डहाणूच्या चंद्रकोर महिला मंडळाने त्यावर खोली बांधली. खोली उभी राहत होती तेव्हा लाडकी पोटुशी होती, बाळंतपणाला माहेरी आलेली. ओट्यावर पाय पसरून ती कापडावर भरत बसायची. वर दोन चिमण्या, खाली नागलीच्या कणसांची वेल, आणि मधे साखळी टाक्यात अक्षरं: पांड्या धाकल्या करबट बालवाडी. 'पां'वरचं टिंब तिने लाल दोऱ्याच्या गाठीच्या टाक्याने घातलं होतं. गाठ ओढताना पोटातलं पोर फिरायचं, मग ती सुई बाजूला ठेवून त्याला म्हणायची, "थांब गं बाय, आजोबाचा नाव लिहितेय."

मंडळाच्या अध्यक्षा मनोरमा मॅडम, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. दीड वर्षाने खोली पुरी झाली तेव्हा त्यांनी ते कापड पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "किती गोड! पण हे पावसात कुजेल गं. आपण हेच ॲक्रिलिकमध्ये करून घेऊ. पक्कं."

लाडकीला कोण आनंद झाला. तिने कापडाचा फोटो घेतला, पडद्यावर मोठा केला आणि आपल्याच टाक्यांच्या कडेकडेने रेघ ओढायला बसली. आपल्या लिपीचं एक बरं आहे. शिरोरेघ असते. दोरीवर वाळत घातलेल्या दुपट्यांसारखी सगळी अक्षरं तिला लोंबतात, एकही सुटत नाही. शब्दाशब्दांच्या मधे तिने वेलीचे देठ घातले. चिमण्यांचे पाय वेलीला टेकवले. सगळी पाटी एका जिवाची झाली.

राहिलं एक टिंब. ते शिरोरेघेच्या वर, अधांतरी. लाडकीने त्याला एक काडी दिली. टिंबातून निघून तिरकी येऊन रेघेत शिरणारी, बोटाच्या नखाएवढी. पोराला कडेवर घेतलं की कमरेचा जेवढा आधार असतो, तेवढीच. काडी जरा दिसायची खरी. दिसेना का! त्या टिंबाला काय लागलं होतं ते तिला माहीत होतं.

पांड्या लहानपणी घोलवडकडे चिकूच्या वाडीत कामाला जायचा. तिथला मुकादम गुजराती बोलणारा. त्याने नाव विचारलं, ऐकलं आणि मुद्दाम नाकातला सूर काढून टाकला. "पाडा! ए पाडा, अहीं आव!" पाडा म्हणजे गुजरातीत रेडा. सगळी वाडी हसायची. टोपली उचलली की, पाडा. पाणी प्यायला वाकला की, पाडा. लग्न होऊन लाडकीची आई हिरू घरात आली तोवर अर्ध्या गावाला हेच त्याचं नाव वाटायचं. मग प्रौढांच्या वर्गात बाईंनी त्याला सही शिकवली. तेव्हापासून पांड्या सही करायचा ती उलटीकडून. कागदावर आधी टिंब द्यायचा, दाबून, आणि मग त्याच्याखाली बाकीचं नाव लिहायचा. बँकेतला माणूस एकदा म्हणाला, "अहो, टिंब शेवटी द्यायचं असतं." पांड्या म्हणाला, "तुमचा शेवटी द्या. माझा आधी."

काडीसकट फाइल तयार झाली. लाडकीने शेठला पडद्यावर बोट ठेवून सांगितलं, "ही काडी तेवढी राहू द्या हां." शेठ फोनवर होता. मान हलवली.

त्याच संध्याकाळी मुक्ताला लशीचा ताप भरला. अंग तव्यासारखं. लाडकी घरी राहिली. पोर छातीवरून खाली उतरेना, कण्हायची आणि आईच्या मंगळसूत्राचे मणी चोखत पडायची. ताप उतरला, तिने पेज मागून खाल्ली, तेव्हा कुठे लाडकी झोळी उचलून दुकानात आली.

पाटी कापून झाली होती. प्लॅस्टिकच्या फुगेवाल्या कागदात गुंडाळून दारात टेकवून ठेवली होती. उद्घाटन दुसऱ्या दिवशीच. नविन नावाचा टेम्पोवाला दोऱ्या घेऊन आलेला.

"थांब रे, मला बघू तरी दे," म्हणत लाडकीने कागद बाजूला केला. लाल चकचकीत अक्षरं. चिमण्या सुरेख आलेल्या. वेल सुरेख. तिचे डोळे शेवटी 'पा'वर गेले आणि तिथेच थांबले.

तिच्या खांद्यावरून नविनने वाचलं. तो उंबरगावचा, घरी गुजराती बोलणारा, मनाने साधा. त्याला हसू फुटलं. "पाड्या धाकल्या... अरे लाडकीबेन, आ तो पाडानी बालवाडी थई गई! रेडे शिकणार की काय तिथे?"

लाडकीने वळून पाहिलं. नविनचं हसू तोंडातच विरलं. "काय झालं बेन? कोणाचं नाव आहे?"

"माझ्या बापाचं."

नविनने जीभ चावली आणि उगाच दोरीची गाठ सोडून पुन्हा मारायला लागला.

लाडकी आत गेली. "शेठ, काडी कुठाय?"

"कसली काडी?"

"टिंबाची."

"हां, ती! मॅडम आल्या होत्या फाइल पाहायला. म्हणाल्या, हे काय पेरूचं देठ? काढा म्हणाल्या. काढली."

"आणि टिंब?"

"टिंबाला कोण हात लावतंय? टिंब होतं ना फाइलीत."

"फाइलीत होतं. कापल्यावर ते कशाला धरून राहणार होतं, शेठ? हवेला?"

शेठने मशीनच्या जाळीकडे पाहिलं. जाळी साफ होती. भंगारवाला सकाळीच येऊन गेला होता.

"हे बघ," शेठचा आवाज मऊ झाला, "लाल शीट संपली. वापीहून येईपर्यंत उद्घाटन होऊन जाईल. एका टिंबाने काय होतं? वाचणाऱ्याला कळतं गं. नाहीच राहवलं तर भिंतीवर रंगाचा एक ठिपका मार ब्रशने. पाटी लावली की बरोबर 'पा'च्या वर येईल."

आता हे ऐकून कोणाचं रक्त उसळणार नाही? बोलणारा माणूस वाईटही नव्हता. पोरीला झोळी बांधू देणारा, दिवाळीला साडी देणारा माणूस. आणि हाच माणूस म्हणतो, तुझ्या बापाच्या नावाला भिंतीवर ठिपका मार! लाडकी तडक दारातल्या पाटीपाशी आली, मागोमाग शेठ. तिथे तिला पाटीच्या खाली जोडलेली पट्टी दिसली. ती कापलेली नव्हती, वरच्यावर कोरलेली होती. कोरताना काहीच सुटत नाही, म्हणून तिथे काहीच पडलं नव्हतं. 'चंद्रकोर महिला मंडळ, डहाणू यांच्या सौजन्याने.' चंद्रकोरचं टिंब, मंडळाचं टिंब, यांच्याचं टिंब. तिन्ही जागच्या जागी, ठसठशीत.

"ही पट्टी मी केली नाय," ती म्हणाली.

"मॅडमनी सांगितली. मी टाकली."

"यांना ब्रशने ठिपके मारायला नाय सांगितलंत!"

तिने तिथूनच मॅडमना फोन लावला. मॅडम घाईत होत्या, मागे भांड्यांचा आवाज. "लाडकी, अगं पाटी इतकी देखणी झालीय! टिंब? अगं हो, सुनिलने फोटो पाठवला तेव्हा लक्षात आलं खरं माझ्या. पण पांडूदादा काही मनाला लावून घेणारे नाहीत. साधी माणसं तुम्ही, तेच तर मला आवडतं. उद्या सगळे खुशीत असू दे हं. आणि तू ती हिरवी साडी नेस."

साधी माणसं! म्हणजे काय, तर ज्यांचं काही पडलं तरी आवाज होत नाही अशी. लाडकीने फोन ठेवला. झोळीतली मुक्ता उठून बसली होती आणि आईच्या तोंडाकडे टकमक बघत होती. लाडकीने तिला उराशी घेतलं, तिच्या ताप उतरून घामेजलेल्या मानेत नाक खुपसलं, आणि रडायचं नाही असं ठरवलं. रडलं की राग पातळ होतो.

सकाळी ती मुक्ताला घेऊन कैनाडला पोचली. पाटी आधीच भिंतीवर चढवून वर सॅटिनचा पडदा सोडलेला. लाडकीने आईला कोपऱ्यात घेऊन सांगितलं. हिरूने कपाळावर हात मारला. मग म्हणाली, "आज नको बोलू बाबाला. पांढरा शर्ट घालून कवाचा बसलाय. आजचा दिवस जाऊ दे."

लाडकीने आईचं ऐकलं. पण बापाकडे बघवेना. पांड्याने दाढी केली होती, हनुवटीला एक कापल्याची रेघ होती. तो येणाऱ्या पोरांना एकेक करून ओट्यावर बसवत होता. "पुढं बस. तू रडतस कशाला? शाळा तुझीच हाय."

मनोरमा मॅडम आल्या, मंडळाच्या बायका आल्या, खुर्च्या भरल्या. नारळ फुटला. मॅडमनी माइक घेऊन गोड भाषण केलं, त्यात तीनदा "आमचे पांडूदादा" आलं. मग पडद्याची दोरी पांड्याच्या हातात दिली. त्याने ओढली. टाळ्या झाल्या.

पांड्याने टाळ्या वाजवल्या नाहीत. त्याला वाचता येत होतं ते एवढंच नाव. तो मान वर करून उभा राहिला, हवेत बोट नाचवत पहिल्या अक्षरावर काहीतरी शोधत राहिला. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्याने, चिकूच्या वाडीतल्याच जुन्या सोबत्याने, खुसखुसून म्हटलं, "पाडा रे, पाडा!"

टाळ्या ओशाळून थांबल्या.

"हा कोणाचा नाव?" पांड्याने विचारलं.

"अहो, तुमचंच की पांडूदादा!" मॅडम हसत म्हणाल्या.

"माझा नाव पांड्या. हा पाड्या."

"एक टिंब राहिलं हो. अर्थ कळतो ना सगळ्यांना."

"कळतो," पांड्या म्हणाला. "तोच कळतो."

सगळे त्याच्याकडे बघत होते. तो ओरडला नाही, भांडला नाही. सावकाश चालत बालवाडीच्या दाराशी गेला आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसला. दार बंदच होतं, कुलूप अजून उघडायचं होतं.

"बरा," तो म्हणाला. "पाड्याची बालवाडी हाय तर पाड्याला बोलवा. त्याला सांगा, जागा दे म्हणून. ही जागा पांड्याची हाय. पांड्याच्या जाग्यात पाड्याची शाळा कशी भरल?"

कोणीतरी हसलं. मग सगळा पाडा हसला. मग हळूहळू हसणं बंद झालं, कारण पांड्या उंबऱ्यावरून उठेना.

मॅडमच्या नाकाचा शेंडा लाल झाला. त्या लाडकीजवळ आल्या आणि आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "लाडकी, समजव गं त्यांना. तू तरी समजूतदार आहेस."

इतका वेळ दातांखाली धरलेला राग तेव्हा सुटला. "मी कशाला समजवू, मॅडम? मी समजवलं होतं. काडी ठेवून समजवलं होतं. ती तुम्ही काढायला लावलीत."

"अगं, ती बरी दिसत नव्हती."

"आणि हे बरं दिसतं? माझा बाप जलमभर त्या एका हाकेपायी खाली मान घालून चालला. मान वर केली ती आज, तुमच्या पाटीकडे बघायला."

मंडळाच्या बायकांपैकी एकीने पदर सारखा केला, दुसरीने उगाच मोबाइल पाहिला. मग मॅडम म्हणाल्या, "बरं. नवीन करू. शीट आली की करू. आता कार्यक्रम तरी पुरा होऊ दे. पाटी आज राहू दे भिंतीवर, नंतर बदलू."

"नंतर कोणी बदलत नाय."

"लाडकी, मी शब्द देते."

"द्या. पण पाटी खाली आल्यावर द्या. आणि नव्या पाटीला काडी राहणार. दिसली तर दिसू दे."

नविन टेम्पोला टेकून उभा होता. लाडकीने हाक मारायच्या आत त्याने सीटखालून पेचकस काढून पुढे केला. हिरूने घरातून स्टूल आणलं. ही तीच हिरू, जी सकाळी आजचा दिवस जाऊ दे म्हणाली होती.

मुक्ता लाडकीच्या कडेवर होती. तिला कोणाकडे द्यावी म्हणून लाडकीने इकडेतिकडे पाहिलं. आईच्या हातात स्टूल, बाप उंबऱ्यावर. समोर मॅडम उभ्या होत्या, रिकाम्या हातांनी.

"धरा हिला," ती म्हणाली.

मॅडमनी धरली. इस्त्रीच्या साडीवर मुक्ताचे धुळीचे पाय टेकले. मुक्ताने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग चष्म्याची साखळी मुठीत पकडली आणि ओढली.

"अगं, ही रडेल माझ्याकडे!"

"रडू द्या," लाडकी स्टुलावर चढत म्हणाली. "पडू देऊ नका फक्त."

तिने पेचकस लावला. खाली ओट्यावरची पोरं एकदम शांत झाली, शाळा सुरू झाल्यासारखी वर बघत बसली. उंबऱ्यावरून पांड्याचा आवाज आला.

"लाडके, खालचे स्क्रू आधी काढ. वरचे काढलेस तर आख्खा पाड्या तुझ्या डोक्यात बसल."